पैठणी घ्यायला पैठण गाठावं का? माग, बाजार आणि गावाचं परीक्षण

लग्नाची तारीख धरली की मराठवाड्यातल्या घराघरांत पैठणीचा विषय निघतो. येवल्याला जायचं, संभाजीनगरच्या शोरूममधून घ्यायची की थेट पैठण गाठायचं? ज्यांना एका दुपारी शे-दोनशे साड्या उलगडून बघायच्या आहेत त्यांनी येवल्याला जावं. तिथे मागही जास्त आहेत आणि दुकानंही. ज्यांना आपण पैसे कशाचे मोजतोय हे डोळ्यांनी बघून मगच खिशात हात घालायचा आहे, त्यांनी पैठणला जावं. विणणारे हात, विकणारी दुकानं, संत एकनाथांचा वाडा आणि गोदावरीचा घाट हे सगळं एकाच लहानशा गावात आहे. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण साधारण ५० किलोमीटर. वाटेत चितेगाव, बिडकीन, ढोरकीन लागतात. या पट्ट्यात कारखाने असल्यानं अवजड गाड्यांची वर्दळ असते, म्हणून सकाळी लवकर निघालेलं बरं. पैठणला रेल्वे नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. बीड किंवा जालन्याकडून येणाऱ्यांना पाचोडवरून वळता येतं, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातून शेवगावमार्गे येणारे गोदावरीचा पूल ओलांडून गावात शिरतात.

गावात पोचल्यावर आधी दुकानात शिरू नका. आधी माग बघा. राज्य लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी विणकाम केंद्र पैठणला आहे, आणि पैठणीचं काम जवळून बघायची ही सगळ्यात सोयीची जागा. माग चालवणाऱ्यांत बायकांची संख्या चांगली आहे. कामाच्या दिवशी, सकाळी दहा-साडेदहानंतर जा. सुटीच्या दिवशी किंवा जेवणाच्या वेळेत गेलात तर माग रिकामे दिसतील आणि अर्धी फेरी वाया जाईल. निघण्यापूर्वी फोन करून विचारलेलं चांगलं. बघताना मागाला टेकू नका, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, हात लावू नका. घामाचा हात रेशमाला लागला की डाग राहतो, आणि एक धागा तुटला तर तो शोधून गाठ मारण्यात विणकराचा वेळ जातो. प्रश्न मात्र खुशाल विचारा. "ताई, या पदराला किती दिवस लागले?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

मागावर काय बघायचं ते नीट सांगतो, कारण पुढची सगळी खरेदी यावर उभी आहे. साडीच्या लांबीभर जाणारे उभे धागे म्हणजे ताणा, आडवा जातो तो बाणा. साडीच्या अंगात बाणा धोट्यातून, म्हणजे धागा वाहून नेणाऱ्या सरकत्या लाकडी तुकड्यातून, सरळ इकडून तिकडे जातो. काठांचं तसं नाही. दोन्ही काठांना आपापला धोटा असतो, अंगाला तिसरा. जिथे अंगाचा धागा संपतो आणि काठाचा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून माघारी फिरवतात. त्यामुळे काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांचे असूनही मध्ये शिवण नसते. विणतानाच ते एकमेकांना धरतात. काठावरची नक्षी आता बऱ्याच मागांवर जेकार्डनं, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रानं, उचलतात. त्यात लबाडी नाही, पण विचारून घ्यावं. काठाला जेकार्ड असेल तर साडी लवकर निघते आणि किमतीत ते दिसायला हवं.

खरा जीव पदरात आहे. तिथे आल्यावर धोट्याची धाव थांबते आणि तिल्ल्या येतात, म्हणजे रंगीत रेशीम गुंडाळलेल्या लहान लहान नळ्या. समजा बांगडी मोराची नक्षी आहे: गोल कड्याच्या आत मोर, मान निळी, तुरा लाल, भोवतीची जमीन जरीची. एका आडव्या ओळीत जर डावीकडून निघते, कड्यापर्यंत येते, तिथल्या रंगाच्या धाग्यात गुंतते आणि मागे वळते. मग कड्याची तिल्ली आपल्या वाटचे चार-सहा धागे उचलून जाते, पुढच्या रंगात गुंतते, वळते. मग मानेची निळी. पुन्हा जर. अशी एक ओळ पुरी झाली की फणीनं ठोकून बसवायची आणि दुसरी धरायची. दाट पदर दिवसभराच्या कामात इंच-दोन इंच पुढे सरकतो. साधा काठ, लहान बुट्टी आणि बेताचा पदर असलेली साडी महिना-दीड महिन्यात उतरते. मोठा, भरगच्च पदर आणि अंगभर काम असेल तर सहा महिने लागतात, वर्षही लागतं.

चुका कशा होतात तेही मागावरच कळतं. धाग्यांच्या मोजणीत एकाचा फरक पडला की वेलीचं पान तिरकं जातं, आणि ते सरळ करायचं तर ओळी उसवत मागे यावं लागतं. फणीचा ठोका हलका बसला तर विणीत फटी राहतात, उजेडाकडे धरल्यावर त्या दिसतात. बाणा जास्त ओढला तर कडा आत खेचल्या जातात आणि पदर साडीच्या अंगापेक्षा अरुंद होतो. साडी घेताना पदराची रुंदी आणि मधल्या अंगाची रुंदी एकमेकांवर धरून बघा. अर्धा-पाऊण इंचाचा फरक चालण्यासारखा आहे. त्याहून जास्त असेल तर निऱ्या आणि खांद्यावरचा पदर दोन्ही बिघडतात, मग नक्षी कितीही सुंदर असो.

आता दुकानं. नाथ मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आणि गावात पैठणीची दुकानं आहेत, काही विणकर घरातूनही विकतात. पुष्कळ दुकानांत हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावरची सेमी पैठणी एकाच फडताळात असते. सेमी पैठणी वाईट नाही. हळदीला, ओटीला, आहेराला, रोजच्या समारंभाला ती उत्तम आणि खिशाला झेपणारी आहे. ती हातमागाच्या भावानं गळ्यात पडली तरच नुकसान. म्हणून दारातून आत शिरताच सरळ विचारा, "भाऊ, हातमागाची दाखवा, आणि बिलावर हातमाग लिहून देणार का?" बिलावर लिहायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी भाव करत बसू नये. स्टँडवरून रिक्षावाल्यानं नेलेलं दुकान चांगलं असूही शकतं, पण तिथल्या भावात त्याचा वाटा धरलेला असण्याची शक्यता असते. पायी जा, गाव काही फार मोठं नाही.

साडी हातात आली की पहिलं काम: पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीच्या पदराची उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. मोर इकडूनही मोर, तिकडूनही मोर. मागे लोंबणारे धागे नाहीत, कापलेल्या दोऱ्यांची दाढी नाही. यंत्रमागावर रंग मागच्या बाजूनं ओढत नेतात आणि नंतर कापतात किंवा तसेच सोडतात, त्यामुळे उलट बाजू खरखरीत आणि धाग्यांनी भरलेली असते. अशा पदराला आतून जाळी लावायचा सल्ला मिळतो, कारण बांगड्या, अंगठ्या त्यात अडकतात. हातमागाच्या पदराला जाळीची गरजच नसते. विक्रेत्यानं आधीच आतून अस्तर किंवा जाळी शिवून ठेवली असेल तर टाका उसवून आत काय आहे ते दाखवायला सांगा.

दुसरं, रंग जिथे बदलतो ती सीमा मोबाइलच्या उजेडात जवळून बघा. हाताच्या विणीत वळण गुळगुळीत येत नाही; ते पायऱ्या-पायऱ्यांनी येतं आणि दोन रंगांच्या मध्ये बारीक करवतीसारखी रेघ दिसते. शेजारशेजारचे दोन मोर हुबेहूब एकसारखे नसतात. एकाची चोच एखादा धागा लांब, दुसऱ्याचा तुरा किंचित कलता. सगळे मोर छापल्यासारखे एकसारखे असतील तर प्रश्न विचारायची वेळ आली समजा. काठालगतची बारीक भोकं दाखवून "ही हातमागाची खूण" असं सांगतात, त्यावर विसंबू नका. साडी ताणून धरणाऱ्या टाचण्यांची ती भोकं असतात आणि यंत्रमागावरही पडतात.

लेबलांचा गोंधळ फार आहे, म्हणून इथे थोडं थांबू. सिल्क मार्क म्हणजे रेशीम अस्सल आहे एवढीच ग्वाही. साडी हातानं विणली की यंत्रानं, हे तो सांगत नाही. जरीबद्दल तर काहीच सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमाच्या साडीलाही सिल्क मार्क रीतसर मिळतो. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे आणि त्यात पैठणबरोबर येवलाही येतं. तेव्हा "येवल्याची म्हणजे नकली" हे बोलणं चुकीचं आहे, आणि पैठणच्या दुकानात मिळाली म्हणून ती पैठणला विणली असंही धरू नये. तिन्ही खुणा एकाच साडीवर असतील तर छानच. नसतील तर उलटा पदर कोणत्याही कागदापेक्षा जास्त बोलतो.

जरीवर सगळ्यात जास्त लोक फसतात. तीन प्रकार लक्षात ठेवा. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जर म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर आणि वर सोनेरी रंग. तिसरी प्लॅस्टिकची, म्हणजे धातूचा लेप दिलेली पॉलिस्टरची पट्टी. आज बाजारातल्या बहुतेक पैठण्या टेस्टेड जरीच्या असतात. त्यात कमीपणा नाही, फक्त भाव त्याप्रमाणे हवा आणि विकणाऱ्यानं ते तोंडानं सांगायला हवं. जर सुरतेहून येते आणि रेशीम मुख्यतः बेंगळुरूकडून. त्यामुळे "इथलीच जर" या सांगण्याला फारसा अर्थ नाही. पदराच्या टोकाचा सुटा धागा मागून घ्या. नखानं खरवडल्यावर तांबूस दिसलं तर तांबं. ज्योतीजवळ नेल्यावर आकसून गोळा झाला तर प्लॅस्टिक. रेशमाचा धागा जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो. ही परीक्षा फक्त सुट्या धाग्यावर, दुकानाबाहेर आणि विक्रेत्याला सांगूनच करा. अस्सल जरीच्या नावाखाली मोठी रक्कम मागत असतील तर सोनं तपासायचं यंत्र असलेल्या सराफाकडे जरीतली चांदी तपासून घ्या आणि मगच उरलेले पैसे द्या. जुन्या काळी फाटलेल्या पैठण्या जाळून त्यातली चांदी काढायची रीत होती. पणजीच्या पैठण्या आज कमी घरांत सापडतात त्याचं हेही एक कारण आहे. तुमच्या घरी एखादी जुनी असेल तर भंगारवाल्या जरीवाल्याला ती देऊ नका, ही कळकळीची विनंती.

भावाचं गणित सोपं आहे. महिना-दीड महिना एका माणसाची मजुरी, साडीभर रेशीम, जर, रंगाई, मागाचा खर्च आणि विकणाऱ्याचा नफा. ही बेरीज मनात धरली की चार-पाच हजारांत हातमागाची पैठणी मिळणार नाही हे कुणी सांगायला लागत नाही. साध्या काठाची, बेताच्या पदराची साडी दहा-बारा हजारांच्या खाली कुणी सांगितली तर पदर दोनदा उलटा करून बघा. पुढे किंमत कशानं चढते? पदराची लांबी, काठाची रुंदी, पदरातल्या रंगांची संख्या, अंगावरच्या बुट्ट्या आणि जरीचा प्रकार. दीड इंची काठ आणि सहा इंची काठ यांच्या कामात फार अंतर आहे. दोन साड्यांच्या भावात मोठा फरक दिसला तर या पाच गोष्टी एकेक करून विचारा, उत्तर तिथेच सापडतं. सरकारी केंद्रात घासाघीस होत नाही आणि रंगांची रेलचेल दुकानांइतकी असेल अशी अपेक्षा ठेवू नये. पण भाव लावलेला, माल समजून घेतलेला आणि शेजारी माग चालू, ही निश्चिंती मोलाची आहे.

नक्षीची नावं ठाऊक असली की दुकानदारही मन लावून दाखवतो. असावली म्हणजे फुलं-वेलींची नक्षी, पेशव्यांच्या काळापासून नावाजलेली. मुनिया म्हणजे काठावरचे किंवा पदरावरचे पोपट. काठांत नारळी आणि पंखी ही जुनी नावं. कमळाची नक्षी पाहिली की अजिंठ्याची आठवण येते. रंगांत काळी चंद्रकळा, म्हणजे काळं अंग आणि लाल काठ; पांढरीशुभ्र ती शिरोदक; राघू म्हणजे पोपटी. आमची निवड विचाराल तर पहिली पैठणी घेणाऱ्यानं मोठ्या मोरांच्या मागे न लागता असावलीचा नेटका पदर आणि बारीक काठ घ्यावा. लहान नक्षीत विणकराचा हात जास्त कळतो, आणि अशी साडी पंचवीस वर्षांनी लेकीलाही नेसता येते. मोठ्या पदरात जरीची जमीन जास्त असते. ती फोटोत झगमगते, पण खांद्यावर जड होते.

रंग नेहमी उन्हात बघा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की साडी हलवताना दोन्ही रंग खेळतात, त्याला धूपछाव म्हणतात. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली जांभळी वाटलेली साडी अंगणात आल्यावर मोरपंखी निघते. दरवाज्याशी नेऊन बघायला कोणी नाही म्हणत नाही. गडद रंग असेल तर पांढरा रुमाल किंचित ओला करून साडीच्या आतल्या कोपऱ्यावर हलकेच दाबा. रंग लागला तर ती साडी ठेवून द्या. लाल आणि काळ्या काठांचा रंग पुढे फिक्या अंगावर उतरला की मग इलाज नाही.

खरेदीच्या आधी की नंतर, गाव बघायचंच. हा नुसता यात्रेचा गाव नाही, व्यापाराचं फार जुनं ठाणं आहे. सातवाहन राजांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारी वाटाड्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर, अशी नोंद आहे. माल गाड्यांतून भडोचला उतरायचा. त्यात एक बारकावा आहे: कापडाचं नाव तेरच्या खात्यावर आहे आणि पैठणच्या खात्यावर अकिकाचे दगड. त्यामुळे दुकानात "दोन हजार वर्षांची पैठणी" ऐकलं तर गावाचं वय दोन हजारांच्या पुढे आहे हे मान्य करावं, साडीच्या वयाबद्दल थोडं सबुरीनं घ्यावं. बाळासाहेब पाटील संग्रहालयात या जुन्या पैठणच्या वस्तू बघायला मिळतात. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी त्यासाठी तास-दीड तास राखून ठेवावा.

नाथांचा वाडा गावात आणि समाधी मंदिर नदीकडे, अशा दोन जागा आहेत. बाहेरगावचे लोक बरेचदा एकच बघून परततात. वाड्यात विजयी पांडुरंगाची मूर्ती आणि श्रीखंड्यानं, म्हणजे सेवकाच्या रूपातल्या श्रीकृष्णानं, पाणी भरलं असं मानतात तो रांजण आहे. एकनाथ महाराजांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला, तीच नाथषष्ठी. म्हणजे होळीनंतर सहाव्या दिवशी इथे लाखो वारकरी येतात, अष्टमीच्या काल्यापर्यंत गाव तुडुंब असतं. त्या दिवसांत दर्शनाला, कीर्तनाला अवश्य या, पण साडी बघायला येऊ नका. दुकानदाराला पदर उलगडून दाखवायला उसंत नसते, गाड्या गावाबाहेर लावाव्या लागतात आणि घाईत घेतलेल्या साडीचा उलटा पदर घरी गेल्यावरच बघितला जातो. नागघाटावरही जा. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद बोलवले ती जागा हीच अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांचं मूळ गाव आपेगाव इथून जवळच, गोदाकाठी आहे. स्वतःची गाडी असेल तर तासाभरात जाऊन येता येतं. तीर्थखांब बघायला फार वेळ लागत नाही, वाटेतच उरकतो.

जायकवाडी धरणानं या गावाचं सगळं भोवताल बदललं. पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते आणि लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. मातीची जवळपास दहा किलोमीटर लांब भिंत, २७ दरवाजे, शंभर टीएमसीच्या पुढे साठवण. संभाजीनगरचं पिण्याचं पाणीही इथूनच जातं. भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, तिथे वाद घालू नये. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलं आणि दरवाजे उघडले की गर्दी लोटते. त्या दिवसांत घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नका. विसर्ग वाढला की पाणी किती झपाट्यानं चढतं हे पैठणकरांनी ऑगस्ट २००६ च्या पुरात पाहिलं आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी ओसरलं की नाथसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या, काठच्या चिखलात पक्षी उतरतात. रोहित (फ्लेमिंगो) दिसायची आशा धरून सकाळी सातच्या आत पोचा, दुर्बीण सोबत ठेवा. हा सगळा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा गाणी लावून, गाडी काठापर्यंत नेऊन काही साधत नाही. ज्ञानेश्वर उद्यानाच्या जुन्या आठवणींवर मुलांना आशा लावू नका. उघडं आहे का, कारंजी चालू आहेत का, हे आधी विचारून मगच तिकडे वळा.

जेवणाचं थोडक्यात. मंदिराच्या बाजूला साधं शाकाहारी जेवण मिळतं. धरणाकडच्या रस्त्यावर नाथसागरातल्या माशांची थाळी मिळते. रोहू, कटला ताजा आहे का हे विचारा आणि तळलेला तुकडा आधी मागवून बघा, मग थाळी सांगा. साडीची खरेदी मात्र जेवणाआधी उरका. तेलकट हातानं रेशीम हाताळलं तर विक्रेत्याचा चेहरा पडतो, आणि तो बरोबर आहे. पाचोडच्या बाजूनं परतणार असाल तर हंगामात रस्त्याकडेला मोसंबी चांगली मिळते.

मनासारखा रंग मिळाला नाही तर ऑर्डर द्या, पण कागदावर. विणकर हातात दिलेल्या धाग्याशी रंग जुळवून घेतो. मोबाइलवरच्या फोटोवर रंग ठरवला की हमखास बिनसतं, म्हणून जुन्या ब्लाउजचा तुकडा किंवा रेशमाचा धागा सोबत न्या आणि त्याचा अर्धा भाग आपल्याजवळ ठेवा. चिठ्ठीवर अंगाचा रंग, काठाची रुंदी इंचांत, पदराची लांबी इंचांत, नक्षीचं नाव, जरीचा प्रकार, सहावारी की नऊवारी, ब्लाउजपीस जोडलेला की वेगळा, दिलेली आगाऊ रक्कम आणि तारीख एवढं असलंच पाहिजे. लग्नाच्या तारखेच्या निदान दोन महिने आधीची तारीख मागा. पावसाळ्यात दमट हवेमुळे मागावरचं काम मंदावतं, त्याची सवड धरा. पदर मागावर चढला की एकदा जाऊन बघून या. त्या टप्प्यावर एखादा रंग बदलता येतो, नंतर नाही.

साडी घरी आली की फॉल सुती, आधी धुऊन आटवलेला लावा आणि तो हातानंच टाचून घ्या. मशिनची टीप काठाच्या जरीला कातरते. मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, हँगरवर तर मुळीच नको, पदराच्या वजनानं विण खाली ओढली जाते. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर त्याच रेघेवर जर तुटते. अत्तर आणि डांबरगोळ्या जरीपासून लांब ठेवा. नेसल्यावर लगेच घडी न घालता सावलीत तास-दोन तास पसरून ठेवा, घाम सुकला की मगच कपाटात.